हात बदलतो तिथं: गोठा, गाडी आणि कत्तलखाना (प्रकल्प नोंदी)

९ फेब्रुवारी २०२५

गेल्या डिसेंबरात आमच्या गटाचे ११ बोकड बाजाराला गेले आणि ९ उतरले. सकाळी सातला मीच ते गाडीत चढवून दिले होते. डोळे बघितले, नाक बघितलं, लसीची वही तपासली. दुपारी ड्रायव्हरचा फोन आला, "ताई, खालचे दोन गेले." खालचे म्हणजे बाकीच्यांच्या पायाखालचे. त्या गाडीत दुसऱ्या गावचे वीसएक बोकड आधीच भरलेले होते. ते मी बघितलं होतं आणि गप्प बसले होते. म्हणून ही वही.

कुणाला जाब विचारावा म्हणून बघू लागले तर कुणीच सापडेना. आम्ही धडधाकट दिले. ड्रायव्हरनं गाडी कुठं आदळली नाही. व्यापाऱ्यानं जसे आले तसे उतरवून घेतले. सगळे खरंच बोलत होते. गोठ्यातून निघाल्यापासून सुरीखाली जाईपर्यंत बोकड पाच-सहा हातांतून जातो आणि प्रत्येकाला तो दोन-चार तासांपुरता असतो. जो तो आपल्या तासांपुरतं बघतो. एका हातातून दुसऱ्या हातात जातानाच्या वेळेला मात्र धनी नसतो. जीव जातो तो तिथं, असं माझं मत झालं आहे.

मी पशुसखी आहे. उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, प्रशिक्षणातून आले. लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, अडलेली शेळी सोडवायची, हे माझं काम. शेळी विकली की माझ्या वहीतलं तिचं पान संपतं. ते पान शेवटपर्यंत चालवायचं, एवढा हा प्रकल्प. गटात २३ बायका, प्रत्येकीकडं तीन ते आठ शेळ्या. सगळ्या उस्मानाबादी: काळ्या, काटक, जुळी देणाऱ्या. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तरी शेळी उस्मानाबादीच राहिली.

१३ फेब्रुवारी

आज सात गोठे बघितले. गोठा उभ्यानं बघून कळत नाही, हे तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टर मॅडमनी मागंच शिकवलं होतं. खाली बसायचं, आपलं नाक शेळीच्या नाकापाशी न्यायचं, म्हणजे जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, आणि दहा श्वास घ्यायचे.

गटातल्या आक्कांच्या गोठ्यात मला पाचवा श्वास घेववेना. मुताच्या वासानं डोळ्यांतून पाणी आलं. वर पत्रा, चारी बाजूंनी तुराट्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा जाड लेप, वारा यायला बोटभर फट नाही. लांडग्याच्या भीतीनं असं केलंय. गेल्या वर्षी शेजारच्या वाडीत लांडग्यानं दोन करडं नेली, त्यामुळं त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. आठ बाय नऊचा गोठा, म्हणजे ७२ चौरस फूट, आणि आत ९ शेळ्या. मोठ्या शेळीला आडोशाखाली १० ते १२ चौरस फूट लागतात आणि बाहेर मोकळं अंगण त्याच्या दुप्पट. त्यात दावं इतकं आखूड की शेळी खाली बसली की मान ताणलेलीच राहायची.

१९६५ साली इंग्लंडात ब्रँबेल समितीनं पाळीव जनावरांसाठी एक साधं माप सांगितलं होतं: जनावराला उठता यावं, बसता यावं, वळता यावं, अंग चाटता यावं आणि पाय ताणता यावेत. पुढं जगभर जे पाच हक्क, पाच मोकळिका म्हणून सांगतात त्याचं मूळ हे. साठ वर्षांपूर्वीचं हे माप घेऊन आज मी आक्कांच्या गोठ्यात बसले आणि पाचातलं एक, फार तर दोनच, तिथल्या शेळ्यांना जमत होतं.

आक्कांना मोठं काही सांगितलं नाही. पत्र्याच्या खाली कुडाचा वरचा वीतभर पट्टा काढून तिथं जाळी ठोकायची, लांडगा येणार नाही आणि वास निघून जाईल. खाली मुरूम टाकून दाराकडं उतार द्यायचा. लेंड्या दोन दिवसाला उचलायच्या, ओल असेल तिथं चुना भुरभुरायचा. रात्री दावं सोडायचं. एवढं ऐकून आक्का म्हणाल्या, "सोडलं तर झुंजतेत बया." शिंगाळ्या दोन वेगळ्या बांधा म्हटलं, बाकीच्या सोडा.

खूरही वाढलेले होते. ओल्या जमिनीवर खूर झिजत नाहीत, पुढं वळतात, मग शेळी टाचेवर चालते. अशी शेळी गाडीत तोल कसा सांभाळणार? खुरं कापायची कात्री फिरती ठेवायची, गटाच्या खर्चानं.

१५ फेब्रुवारी

पहाटे आक्कांकडं गेले. सात शेळ्या मोकळ्या, अंग टाकून बसलेल्या, तोंड हलतंय. रवंथ करणारी शेळी म्हणजे निवांत शेळी. आक्का म्हणाल्या, "रातभर आवाज न्हाई, मलाच झोप लागंना."

२३ फेब्रुवारी

आज बाजार. विकत-घेत काही नव्हतं, नुसतं बघायला गेले. व्यापारात अजून रुमालाखाली बोटं धरून भाव होतो. घेणारा आणि देणारा हात रुमालात घालतात, बाकीच्यांना कळत नाही किती बोटं दाबली. बोकडाचं वजन नजरेनं, पाठीवर चिमटा घेऊन, कंबर उचलून. इतक्या वर्षांची ती नजर, फार चुकत नाही. पण नजरेला वाटेतली तूट दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचे पैसे कुणाच्या खिशातून गेले हेही कळत नाही.

उतरवणं बघत दोन तास उभी राहिले. पिकअपचा हौदा जमिनीपासून कंबरेएवढा उंच. फाळका खाली पाडला की पोरं बोकडाला एका कानाला आणि एका मागच्या पायाला धरून ओढतात, तो खाली उडी मारतो नाहीतर पडतो. एका बोकडाचा पुढचा खूर फाळक्याच्या आणि हौद्याच्या मधल्या फटीत अडकला. दोन बोटांची फट. मागून दुसरे ढकलत होते. तो ओरडला नाही, नुसता थरथरत राहिला, जीभ बाहेर. पोरानं पाय वाकडा करून काढला. नख मुळाशी निघालेलं होतं. पोरगं वाईट नव्हतं, त्यानंच बाटलीतलं पाणी ओतून रक्त धुतलं. पण त्याला रोज २०० बोकड उतरवायचे असतात.

बोकड कानाला धरून उचलला की त्याचं सगळं वजन कातड्यावर येतं. मागचा पाय धरून ओढला की मांडीत रक्त साकळतं आणि कापल्यावर ते काळं-निळं दिसतं. खाटीक तेवढा तुकडा काढून टाकतो. उचलायचंच असेल तर एक हात छातीखाली, एक मांड्यांमागून. करडाला आपण असंच उचलतो.

पाणी: पूर्ण बाजारात जनावरांसाठी एक हौद, तोही कोरडा.

२७ फेब्रुवारी

डॉक्टर मॅडमकडं बसून नियम लिहून घेतले.

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याचं ११ वं कलम म्हणतं की जनावराला विनाकारण त्रास होईल अशा रीतीनं गाडीत घालून नेणं हा गुन्हा. हे सगळ्यांना, सगळीकडं लागू. १९७८ च्या वाहतुकीच्या नियमांत शेळ्या-मेंढ्यांचं वेगळं प्रकरण आहे: डॉक्टरचा दाखला, औषधाची पेटी, चारा-पाणी, खाली पाच सेंटिमीटर तरी पेंढ्याचा थर, पाय बांधून आडवं टाकायचं नाही, साडेचार-पाच टनांच्या ट्रकमध्ये ४० पेक्षा जास्त नाहीत, मोठ्या गाडीत दर दोन-तीन मीटरला आडवी फळी म्हणजे मागच्यांचा लोंढा पुढच्यांवर पडत नाही.

वाचून बरं वाटलं. मग मॅडमनी बोट ठेवून दाखवलं: हे प्रकरण सहा तासांहून लांबच्या प्रवासाला आहे. आमचे बोकड चार तासांत शहरात पोचतात.

पुढं कत्तलखान्याचे नियम, २००१ चे. त्यातही चांगलं आहे ते सगळं आहे. गाभण जनावर कापायचं नाही, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली मादी कापायची नाही. डॉक्टरनं तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत, म्हणजे तपासणी नावापुरती होऊ नये. तपासल्यावर २४ तास विसावा. एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. पण या नियमांतला कत्तलखाना म्हणजे दिवसाला १० किंवा जास्त जनावरं कापली जातात तो. आमच्या बाजारच्या गावात चार-पाच कापतात, पत्र्याच्या शेडमध्ये.

सहा तासांच्या आतली गाडी आणि दहाच्या आतलं शेड. आमच्याकडची बहुतेक शेळी या दोन आकड्यांच्या मधून निघून जाते. त्यासाठी कुणाला दोष देत नाही, कुठंतरी रेघ ओढावीच लागते. पण ११ वं कलम रेघ ओढत नाही, आणि मोटार वाहन नियमांत २०१५ साली जी भर पडली तिथंही तासांची अट नाही: एका शेळीमागं ०.३ चौरस मीटर जागा. आम्ही तेवढं एक धरून चालणार.

१ मार्च

वेल्डरकडं जाताना वाटेत ऊसगाड्यांची रांग. बैलांच्या तोंडाला फेस. आपल्या बीड-धाराशिवची हजारो माणसं आणि बैल सहा-सहा महिने फडावर असतात. बैलांना दिवसात ९ तासांवर जुंपायचं नाही, आणि पारा ३७ च्या वर असेल तर १२ ते ३ अजिबात नाही, असा नियम १९६५ पासून आहे. इथं थांबता येणार नाही, वही शेळीची आहे. पण लिहून ठेवते.

६ मार्च

पिकअपचा हौदा फितीनं मोजला: लांबी २.५ मीटर, रुंदी १.७. म्हणजे सव्वाचार चौरस मीटर. भागिले ०.३, आले १४.

ड्रायव्हरभाऊ हसला नाही, बरं वाटलं. म्हणाला, "ताई, मी ३२ भरतो. १४ ला डिझेल तरी सुटंल का?" त्याचा प्रश्न रास्त आहे. उत्तर आज नव्हतं माझ्याकडं.

वेल्डरमामांना काम सांगितलं. एक, हौद्याच्या मधोमध काढता-घालता येणारी आडवी जाळी, म्हणजे सात-सातचे दोन कप्पे. ब्रेक मारला तरी सातांचाच भार पुढं जाईल. दोन, फाळक्याची फट झाकायला रबराचा पट्टा. तीन, रॅम्प. हौद्याची उंची ८५ सेंटिमीटर भरली. चढ २० अंशांच्या आसपास ठेवायचा तर रॅम्प आठ फुटी लागतो. मामा म्हणाले, आठ फुटी पत्र्याचा रॅम्प दोन माणसांनाही उचलायचा नाही. शेवटी चौकोनी पाइपची चौकट आणि वर लाकडी फळ्या, दर वीतभर अंतरावर आडवी पट्टी, खूर रोवायला. दोन्ही कडांना गुडघाभर उंचीची भिंत, म्हणजे बाजूनं उडी पडणार नाही.

१८ मार्च

रॅम्प आला. पहिला बोकड पायथ्याशी थांबला आणि हलेना. पुढून ओढला, मागून ढकलला, बसलाच. अर्धा तास गेला. ड्रायव्हरभाऊ म्हणाला, उचलूनच टाकू.

मॅडमनी मागं टेंपल ग्रँडिन या अमेरिकन बाईंचं सांगितलं होतं. त्यांनी जन्मभर जनावरं कुठं अडतात तेच बघितलं: ओल्या जागेची चमक, लोंबती साखळी, अचानक पडलेली सावली, समोरून येणारा झोत. माणसाच्या नजरेत हे येतच नाही. म्हणून मी रॅम्पच्या पायथ्याशी ओणवी झाले, बोकडाच्या उंचीला. दुपारचं ऊन हौद्याच्या लोखंडी तळावर पडून सरळ डोळ्यांत येत होतं. वर जायचं म्हणजे त्या उजेडात शिरायचं.

गाडी वळवून लिंबाच्या सावलीत लावली. हौद्यात पाचट अंथरलं, त्यावर ओला गोणपाट, लोखंड दिसेना. ताडपत्रीची लोंबती दोरी खोचली. मग आक्कांनी त्यांची म्हातारी शेळी पुढं घातली, तिला कुठंही न्या, ती जाते. ती चढली आणि मागोमाग सहा बोकड आपसूक चढले. एकालाही हात लावावा लागला नाही. शेळीला खाली उतरवून घेतलं, तिचं काम तेवढंच.

मागून हाकताना कुठं उभं राहायचं हेही आज पोरांना दाखवलं. जनावराच्या खांद्याच्या मागं उभं राहिलं की ते पुढं जातं, खांद्याच्या पुढं आलं की मागं सरतं. काठी लागत नाही.

३० मार्च

पाडवा. काम बंद. आक्कांच्या एका शेळीला दोन करडं, दोन्ही माद्या.

१२ एप्रिल

येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्री यात्रा. पंचक्रोशीत एक गाडी मिळेना, सगळ्या भाविकांच्या फेऱ्यांत. कंदुरीसाठी, म्हणजे नवसाच्या जेवणासाठी, बोकड घ्यायला माणसं गटात येऊन गेली, दोन मोटारसायकलवर. बोकड मध्ये, पाय बांधून, मांडीवर आडवा. त्यांना म्हटलं, रात्री आमच्या गोठ्यात ठेवा, उद्या रिक्षानं न्या. एकानं ऐकलं.

१७ एप्रिल

पहिली खरी फेरी. १४ बोकड.

पारा चाळिशीच्या वर, म्हणून रात्री ११ ला निघालो. संध्याकाळी चारा बंद केला, पाणी शेवटपर्यंत. पोट गच्च भरलेलं असेल तर गाडीत हगवण, तळ निसरडा, मग घसरून पडणं. तीन बोकडांना रंगाच्या खुणा करून ताणकाट्यावर तोललं: २७.४, २४.८, ३१ किलो. एक बोकड डाव्या मागच्या पायानं दबकत होता. त्याला ठेवून घेतलं, बदली दुसरा. लंगडं जनावर गाडीत सगळ्यांत आधी खाली बसतं, आणि दाटीत खाली बसलं की तुडवलं जातं.

मी पुढं केबिनमध्ये. दीड तासानं धाब्यावर थांबून मागं टॉर्च लावला. १४ पैकी ९ बसलेले. चालत्या गाडीत बसलेला बोकड मी पहिल्यांदा बघितला. बरगडीवर हात ठेवून श्वास मोजले, मिनिटाला चाळीसच्या आसपास. शांत शेळीचे १५ ते ३० असतात, पण डिसेंबरातल्यासारखी तोंड उघडून धाप कुणाला नव्हती. ड्रायव्हरभाऊ स्वतः म्हणाला, वळणावर गाडी सावकाश घेतो, आता मागचे बसलेत.

गाडीबरोबर मी एक चिठ्ठी ठेवली आहे. शेवटचं पाणी किती वाजता, शेवटचा चारा किती वाजता, किती नग, कुणाला काय दुखणं. दिलं कुणी, घेतलं कुणी, दोघांच्या सह्या. आमच्या प्रकल्पाचा सगळ्यात स्वस्त भाग हा.

१८ एप्रिल

पहाटे तीनला शहरात. व्यापाऱ्यानं बोकड घेतले, तिथून कत्तलखान्याच्या वाड्यात. चिठ्ठी घेताना त्याचा माणूस विचारात पडला, हे काय आणि. सही केली.

वाड्यात रात्रीचे बोकड आधीच होते. वर छप्पर अर्ध्याच भागावर. नळ होता, हौद होता, हौदाला बूच नव्हतं. एवढंच. एक बूच नाही म्हणून रात्रभर पाणी नाही. पाच रुपयांच्या चिंधीनं मी ते बंद केलं आणि नळ सोडला, तर बोकड एकमेकांच्या अंगावर चढून प्यायला लागले.

सगळ्यात जुने खाटीक म्हणजे चाचा. सत्तरीचे असतील, चाळीसहून जास्त वर्षं हे काम. मी काय बघायला आले ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सुरी दाखवली: बोकडाच्या मानेच्या दुप्पट लांब, अंगठ्याच्या नखावरून धार फिरवली, कुठं अडकत नाही ना. "बेटी, दाते पडलेली सुरी म्हणजे गुन्हा. आणि सुरी त्याला दिसू द्यायची न्हाई, त्याच्यासमोर धार लावायची न्हाई, दुसऱ्यासमोर कापायचं न्हाई. आमच्यात ही शिकवणच हाय." धर्मातलं आणि २००१ च्या नियमातलं वाक्य एकच निघालं.

पण वाड्याचं दार सरळ कापायच्या ओट्यासमोर उघडतं. चाचा म्हणाले, वीस वर्षं सांगतोय, पडदा पायजे.

त्यांनी आमचा एक बोकड घेतला. छातीखाली हात घालून आणला, डाव्या कुशीवर निजवला, तोंडावर हात. एकच लांब ओढ. मी नजर वळवली नाही. ते बघणं माझं काम होतं. पाय हलले, मग डोळा स्थिर झाला. चाचांनी बुबुळाला बोट लावून बघितलं, पापणी हलली नाही, तरी आणखी थांबले. शेजारच्या ओट्यावर मात्र सोलणारं पोरगं घाईत होतं, मागच्या पायाला सुरी लावली तेव्हा अंग अजून हलत होतं. चाचा ओरडले. कापणारा वेगळा, सोलणारा वेगळा, पैसे नगावर. इथंही हात बदलतो.

नंतर चाचांनी दोन मांड्या शेजारी ठेवल्या. एक आमच्या बोकडाची, एक रात्री दुसऱ्या गाडीनं आलेल्याची. दुसरी काळपट, बोटाला चिकट. धास्तावलेल्या, रात्रभर उभ्या जनावराच्या स्नायूतली साखर संपते, मग कापल्यावर मांसात आम्ल तयार होत नाही. सामू, म्हणजे आंबटपणाचं माप (पीएच), साडेपाच-पावणेसहापर्यंत उतरायला हवा तो वरच राहतो, आणि असं मांस लवकर नासतं. मॅडमनी हे फळ्यावर शिकवलं होतं. चाचा बोटानं ओळखतात.

तिन्ही बोकडांचं वाड्यातलं वजन: २६.१, २३.६, २९.६. सव्वा किलोच्या आसपास तूट. मार्चमध्ये जुन्या पद्धतीनं गेलेल्या दोघांची दोन-दोन किलो होती. पाच बोकडांवरून काही सिद्ध होत नाही, पण लिहून ठेवलं पाहिजे.

२९ एप्रिल

गटाची बैठक. भांडणच झालं.

फेरीचं भाडं ५,५०० रुपये. ३२ बोकडांत वाटलं तर नगाला १७२, चौदांत वाटलं तर ३९३. सव्वादोनशेचा फरक. एक बाई म्हणाली, "कापायलाच न्यायचंय ना? मग एवढी जागा कशाला, चार घंटे तर हायेत." दोघी-तिघींनी मान हलवली. मला उत्तर देववेना, कारण हा प्रश्न मी स्वतःला कित्येक रात्री विचारलाय.

आक्का बोलल्या. "कापणारा कापंल तवा कापंल. तवर ते माझं हाय. मी त्याला बाटलीनं दूध पाजलंय." आणि गप्प झाल्या. मग कुणी काही बोललं नाही.

पण नुसत्या गप्प होण्यानं सव्वादोनशे रुपये भरून निघत नाहीत. नजरेनं विकलं तर वाचलेल्या तुटीचा फायदा आम्हाला मिळतच नाही, तो पुढच्या हाताला जातो. काट्यावर विकलं तरच वाचलेलं पाऊण किलो, म्हणजे जिवंत वजनाच्या भावानं तीनशेच्या आसपास रुपये आमचे. चाचांच्या ओळखीचा व्यापारी काट्यावर घ्यायला तयार आहे, महिन्यातून दोन फेऱ्या. ठरलं: काट्यावर घेईल त्यालाच द्यायचं आणि १४ च भरायचे. २३ पैकी १७ जणींनी हात वर केला. सहा जणी जुन्याच गाडीनं पाठवणार. त्यांच्यावर राग नाही, दोघींच्या घरी लग्न आहे.

२७ मे

यंदा मे महिन्यातच पाऊस कोसळतोय. सहा गोठ्यांत चिखल. मुरूम टाकलेले कोरडे राहिले, आक्कांचा धरून. आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस राहिलेल्या शेळ्यांना दोन दिवसांत टोचली. ओल्या कोवळ्या गवतावर शेळ्या तुटून पडतात, त्याआधी लस पाहिजे.

४ जून

ईद ७ तारखेला. रस्त्यावर गाड्याच गाड्या. काल रात्री धाब्यावर एक आयशर उभी होती, दोन मजली, मधल्या फळ्यांतून वरच्यांचं मूत खालच्यांच्या डोळ्यांत. ड्रायव्हर १४ तास चालवत होता, झोपला होता. आमच्या ड्रायव्हरभाऊनं त्याला उठवलं नाही. आमच्या कॅनमधलं वीस लिटर पाणी बादलीनं खालच्या कप्प्यात लावलं. पुरलं नाही. धाबेवाल्यानं मोटार चालू केली, पाऊण तास आम्ही पाजत होतो. त्याच्याकडं कायमची एक टाकी आणि दोन बादल्या ठेवायचं बोलून आले, वीजबिलाचे महिना ३०० गट देईल.

९ जून

आमच्या ईदच्या फेरीत मेलं नाही कुणी. एकाचं शिंग तुटलं, आडव्या जाळीच्या कोपऱ्यात अडकून. दोष आमच्या जाळीचा, कोपरा उघडा राहिला होता. वेल्डरमामांना सांगून वाकवून घेतला.

१४ जून

चाचांकडून चिठ्ठी परत आली, व्यापाऱ्याच्या माणसाबरोबर. सहा तारखेच्या फेरीची. आमच्या रकान्यात माझं अक्षर: शेवटचं पाणी रात्री १०.५०. खाली ड्रायव्हरभाऊ: धाब्यावर १२.४०, सगळ्यांनी पिलं. त्याखाली व्यापाऱ्याची सही, ३.१५. आणि चौथ्या ओळीत, जिथं आम्ही रकाना आखलाच नव्हता, निळ्या पेनानं वाकडंतिकडं: "पानी ४ वाजता. पडदा लागला."

छापायच्या नव्या चिठ्ठीत चौथा रकाना घालायचा. पुढची फेरी २० तारखेला, १३ बोकड, चौदावा लंगडतोय.